जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय? आधी सांभाळायचा हिशोब बसवू

एखादी वीस-पंचवीस वर्षांची पोर्शे किंवा बीएमडब्ल्यू एम३ आता साध्या नव्या गाडीच्या भावात मिळतेय हे ज्या दिवशी लक्षात येतं ना, त्या दिवशी झोप लागत नाही. मलाही लागली नव्हती. त्याच अवस्थेत असलेल्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे गाडी घेऊ नका म्हणून नाही, घ्याच, पण हिशोब आधी करून घ्या म्हणून.

मुळातली गोष्ट एकच आहे, गाडीची किंमत उतरते पण गाडी उतरत नाही. नवी असताना ती ज्या वर्गातली होती त्याच वर्गात ती आजही आहे, तिचे ब्रेक डिस्क त्याच भावाचे, तिच्या इंजिनात ऑइल तेवढंच लागतं (९९६ पिढीच्या पोर्शे ९११ ला आठ-नऊ लिटर लागतं, साध्या हॅचबॅकच्या दुपटीच्या वर), आणि तिच्यावर हात चालवू शकणारा मेकॅनिक आता पूर्वीपेक्षा कमीच सापडतो. काही पार्ट्स तर बनायचेच बंद झालेत, ते मिळाले तरी नव्याच्या वेळेपेक्षा महाग. आपण घेतली स्वस्तात म्हणून गाडीला काही ते कळत नाही.

पहिलं काम: कुठल्या किमतीवर हिशोब करायचा ते ठरवा

बहुतेक जण आपण दिलेल्या किमतीवर टक्के लावतात, इतक्याची गाडी म्हणजे वर्षाला इतका मेंटेनन्स. ते चुकतं. गाडी नवी असताना शोरूमला कितीला होती तो आकडा काढा आणि तशा भावाची गाडी सांभाळायला जे लागतं ते आपल्याला झेपेल का ते बघा.

मी खर्चाचे तीन कप्पे करतो. एक दर वर्षीचा, म्हणजे ऑइल, फिल्टर, इन्शुरन्स वगैरे, यात नवीन काही नाही. दुसरा काही वर्षांनी नक्की येणारा, टायर, ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, शॉक अॅब्सॉर्बर, याची तारीख साधारण आधी कळते म्हणून याचे पैसे महिन्यामहिन्याला बाजूला टाकता येतात. आणि तिसरा अचानक येणारा, यात इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलावा लागतो. नवीन माणूस पहिला कप्पा धरतो, दुसरा अर्धा धरतो आणि तिसरा धरतच नाही. माझी स्वतःची पद्धत अशी की एकूण जेवढे पैसे आहेत त्यातला निदान पाचवा हिस्सा गाडीच्या किमतीत घालायचाच नाही, तो पहिल्या वर्षासाठी तसाच ठेवायचा. तो ठेवून जी गाडी बसत नाही ती आपल्या बजेटमधली नाही, मग जाहिरातीतली किंमत काही का असेना.

दुसरं: त्या मॉडेलचं दुखणं आधी पाठ करा

प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारची एक-दोन ठरलेली दुखणी असतात आणि ती सगळ्या जगाला माहीत असतात, फक्त नव्या गिऱ्हाइकाला नसतात. इथे जरा वेळ घालवतो कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

पोर्शेपासून सुरुवात करू. ९८६ बॉक्स्टर (१९९६ ते २००४) आणि साधी ९९६ कॅरेरा, यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असतो, ज्याच्यावरून कॅमच्या चेन चालतात, आणि त्या शाफ्टच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. त्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते गेलं की टायमिंग हलतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते त्यातल्या त्यात टिकाऊ, २००० च्या आसपासपासून २००५ पर्यंत एका ओळीचं आलं, तक्रारी त्याच्याच जास्त. नंतर मोठं बेअरिंग आलं, ते क्वचित जातं पण इंजिनचं केसिंग उघडल्याशिवाय ते बाहेरही निघत नाही. ९११ कॅरेराला २००९ च्या मॉडेलपासून इंजिनच नवीन, त्यात हा शाफ्टच नाही. म्हणजे एकाच नावाच्या गाडीत फक्त वर्ष बदललं की खर्चाचं चित्र बदलतं, म्हणून जाहिरातीत आधी वर्ष वाचायचं आणि रंग नंतर. २००९ च्या आधीच्या या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायचं दुखणंही आहे, बोअर स्कोरिंग म्हणतात त्याला, आणि ते बेअरिंगपेक्षा वाईट कारण बेअरिंग आधीच बदलून टाकता येतं, ओरखड्यांवर इंजिन पूर्ण बांधण्याशिवाय उपाय नाही.

कोणी म्हणेल मग ९९६ टर्बो किंवा जीटी३ घेतो, त्यात पोर्शेचे इंजिन डिझायनर हान्स मेत्सगर यांच्या घराण्यातलं इंजिन आहे, तिथे हे बेअरिंग नाही. खरंय, फार दणकट इंजिन आहे ते. पण त्याच्या कूलंटच्या पाइपचे जोड चिकटवलेले आहेत आणि वयाने ते सुटतात, सुटला की सगळं कूलंट एकदम रस्त्यावर. ते जोड वेल्ड करून किंवा पिन मारून घेतलेत का हा पहिला प्रश्न विचारायचा.

बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांचं दुखणं म्हणजे कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. ई४६ पिढीच्या एम३ चं सहा सिलिंडरचं, नंतरच्या एम३ चं व्ही८ आणि ई६० पिढीच्या एम५ चं व्ही१०, तिन्ही इंजिनं ८ हजार आरपीएम आणि त्याच्यावर फिरायला बनवलेली, त्यामुळे या बेअरिंगवर ताण प्रचंड. ही आता झिजणारी वस्तू धरायची, टायरसारखी, आवाज यायच्या आत बदलायची, कारण आवाज यायला लागला म्हणजे बहुतेक वेळा क्रँकशाफ्टही गेलेला असतो. त्याशिवाय ई४६ ला मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला लागते तिथला पत्रा तडकतो, हे काम इंजिनाचं नाही, वेल्डिंगचं आहे, आणि त्यासाठी मागचा सगळा भाग सुटा करावा लागतो. व्हॅनॉस (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा), एसएमजी म्हणजे क्लच पेडल नसलेल्या गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप, व्ही८ आणि व्ही१० चे थ्रॉटल अॅक्चुएटर, ही यादी लांब आहे. मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत असेल तर मी डोळे झाकून मॅन्युअल सांगेन, एक अख्खं दुखणं कमी.

फेरारीबद्दल सगळे दबकून बोलतात, थोडं खरं आहे. एफ३५५ (१९९४ ते १९९९) ला टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवतात. बेल्टची किंमत काहीच नाही, मजुरी सगळी. नंतरच्या ३६० मॉडेनाला तेच काम सीटच्या मागच्या झाकणातून होतं, आणि एफ४३० ला बेल्टच नाही, चेन आहे. तीन पिढ्या, एका कामाचे तीन वेगळे खर्च. आणि हा बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलतात, साधारण तीन ते पाच वर्षांनी, म्हणजे गाडी फक्त झाकून ठेवली होती असं विकणारा अभिमानाने सांगत असला तरी बेल्ट म्हातारा झालेलाच असतो. एफ३५५ चे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतात आणि व्हॉल्व्ह गाइड झिजतात हेही बघून घ्या.

माझ्दाची आरएक्स-७ आणि आरएक्स-८ हे वेगळंच जग. रोटरी इंजिनला पिस्टन नाही, त्याच्या रोटरच्या टोकांना एपेक्स सील असतात आणि ती झिजली की कॉम्प्रेशन जातं. साध्या कॉम्प्रेशन गेजने हे नीट कळत नाही, रोटरीचं वेगळं टेस्टर लागतं जे प्रत्येक रोटरचे तीन आकडे देतं. शिवाय हे इंजिन स्वतःच थोडं ऑइल जाळतं, ते बिघाड म्हणून नाही, सील ओली राहावीत म्हणून तसंच बनवलंय. त्यामुळे ऑइलची पट्टी दर एक-दोन टाक्यांमागे बघणं हा रोटरी चालवण्याचाच भाग, ते जमणार नसेल तर रोटरी घेऊ नका, मनापासून सांगतोय.

ऑडीची ४.२ व्ही८ वाली बी६ एस४ दिसायला साधी सेडान आणि भाव बघून तोंडाला पाणी सुटतं, पण तिच्या टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे तोंड करून आहेत, त्यांचे प्लास्टिकचे गाइड मोडायला लागले की इंजिन बाहेर. नंतरच्या बी७ आरएस४ ला डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते, ती अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेने मारून साफ करतात, हे काम त्यामानाने सोपं आणि परवडणारं.

सगळ्याच गाड्या अशा नाहीत. होंडा एनएसएक्स (१९९० ते २००५) बेल्ट आणि वॉटर पंप वेळेवर बदललं तर वर्षानुवर्षं चालते, फक्त तिची बॉडी अॅल्युमिनियमची, त्यामुळे ठोकलेली घ्यायची नाही.

तिसरं: घ्यायच्या आधी पैसे देऊन तपासणी करून घ्या

आणि ती विकणाऱ्याच्या माणसाकडून नाही, त्या ब्रँडवर रोज काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून. तपासणीचे पैसे गेले आणि गाडी नाही घेतली तर वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे ते.

काय काय करून घ्यायचं, तर इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करायचं. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्या गेल्या इंजिनवर हात ठेवून बघा, कारण थंड स्टार्टिंगला जो धूर आणि जी टकटक असते ती गरम झाल्यावर लपते. मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन दोन्ही टेस्ट. कॉम्प्रेशन फक्त सांगते की दाब कमी आहे, लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात आणि ती कुठून निसटतेय ते ऐकू येतं, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पोर्शे असेल तर बोरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घालून सिलिंडरच्या भिंती बघायच्या, जमलं तर खालून, ऑइलचं खालचं भांडं (संप) काढून. ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून बघायच्या, चमकणारा चुरा दिसला की तिथूनच परत फिरा. नवीनतर ९११ च्या कॉम्प्युटरमधून इंजिन किती वेळा लाल रेषेच्या पुढे गेलं त्याची नोंद काढता येते, चुकून खालचा गिअर पडला असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं आणि मालकाला ते सहजासहजी पुसता येत नाही.

कागद. बिलं मागा, सर्व्हिस बुकातले शिक्के नाही, बिलं, ज्यांच्यावर काय काम केलं, कुठला पार्ट टाकला आणि किती किलोमीटरला ते लिहिलेलं असतं. किलोमीटर जास्त पण बिलांची जाड फाइल असलेली गाडी, आणि कमी चाललेली पण कागद नसलेली गाडी, यात मी दर वेळी पहिली घेईन. आधीच्या मालकाने जे काम पुढे ढकललं ते त्याने वाचवलेलं नसतं, ते आपल्या नावावर टाकलेलं कर्ज असतं.

चौथं: पहिल्या महिन्यात सगळं शून्यावर आणा

गाडी घरी आली की फिरायला काढायच्या आधी सगळी द्रव्यं बदला, इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, डिफरन्शियल ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, क्लच फ्लुइड. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं आणि पाण्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो, घाटात किंवा ट्रॅकवर ते उकळलं की पेडल जमिनीला टेकतं, म्हणून हे दर दोन वर्षांनी न चुकता, गाडी उभी असली तरी.

मग रबर आणि प्लास्टिक. माझ्या पहिल्या जुन्या गाडीला इंजिन अगदी निरोगी होतं, तपासणीत सगळं पास, आणि चौथ्या आठवड्यात कूलंटची प्लास्टिकची टाकी शिवणीवर फाटली. टाकी मोठ्या किमतीची नव्हती, पण काटा वर जाताना मी आणखी दोन मिनिटं चालवली असती तर हेड वाकलं असतं, आणि ते बिल मला त्या वर्षी भरता आलं नसतं. काटा दिसला म्हणून तिथल्या तिथे बंद केली. त्यानंतर जी गाडी घेतली तिच्या टाक्या, होज, थर्मोस्टॅट, बेल्ट, इंजिन माउंटिंग सगळं वयावर बदललं, कुठलंही लीक व्हायची वाट न बघता. पेट्रोलचे रबरी पाइप विशेष करून, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, आणि गरम एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोलची गळती म्हणजे गाडी जळते.

पाचवं: कामं एकत्र बांधा

या गाड्यांत पार्टपेक्षा तिथपर्यंत पोचायचीच मजुरी जास्त. बॉक्स्टरचा गिअरबॉक्स क्लचसाठी खाली आला की आयएमएस बेअरिंग समोरच असतं, मागचं ऑइल सीलही समोरच, मग तिन्ही एकदमच. फेरारीचं इंजिन बाहेर आहे तर बेल्टबरोबर वॉटर पंप, टेन्शनरची बेअरिंग, होज आणि क्लचकडेही बघून घ्या. काम द्यायच्या आधी मेकॅनिकला विचारा, तू तिथपर्यंत पोचलास की आणखी काय काय हाताशी येतं? आणि त्यातलं काय पुढच्या तीन वर्षांत लागणार? फक्त तेवढंच करा. नाहीतर हातासरशी हेही, हातासरशी तेही करत बिल दुप्पट होतं आणि चांगले चालणारे पार्ट उगाच निघतात.

टायर आणि ब्रेक

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ही सगळ्यात आधी वाचा. नक्षी नव्यासारखी आणि तारीख दहा वर्षांपूर्वीची असेल तर ते टायर गेलेत, त्यांचा भाव गाडीच्या किमतीतून कापून मागा, आणि या गाड्यांचे पुढचे-मागचे साइज वेगळे असल्याने पुढून मागे फिरवता येत नाहीत, मागचे लवकर संपतात. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला, उदाहरणार्थ ९११ टर्बोला, झिजेत फार फरक चालत नाही, एक फाटला तर कधी कधी जोडी किंवा चारही.

कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर घाई करू नका. ते जाडीवर नाही, वजनावर मोजतात, किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं, म्हणजे उतरवून काट्यावर ठेवायचे. चारही संपलेले निघाले तर कधी कधी तेवढ्यात साधी गाडी येईल. बरेच मालक ते जपून कपाटात ठेवतात आणि रोजसाठी लोखंडी डिस्क बसवतात, मला हे शहाणपणाचं वाटतं.

मेकॅनिक आणि पार्ट्स

मेकॅनिक गाडीच्या आधी शोधा. तुमच्या आवाक्यात त्या मॉडेलचा जाणकार नसेल तर दुसरं मॉडेल बघा, इतकं ते महत्त्वाचं आहे. चांगला माणूस ओळखायचा असा की तो तुम्हाला जुना पार्ट काढून हातात देतो आणि का बदलला ते दाखवतो.

पार्ट्समध्ये वाचवता येतं, पण अक्कल लावून. कंपनीच्या खोक्यातला पार्ट बऱ्याचदा बॉश, झेडएफ, साक्स, लेमफर्डर, ब्रेम्बो अशा लोकांनीच बनवलेला असतो आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात तोच कमी भावात मिळतो. काही गाड्या दुसऱ्यांचे पार्ट वापरतात, लॅम्बोर्गिनी गायार्दोत ऑडीचं बरंच सामान आहे, टोयोटाचं इंजिन असलेल्या लोटस एलिसला इंजिनचे पार्ट टोयोटाच्या काउंटरवर मिळतात. बेअरिंग, टेन्शनर, वॉटर पंप, ब्रेक यात स्वस्त बिननावाचं काही घालू नका. ट्रिम, बटणं, दिवे यात तुटलेल्या गाड्यांचं सेकंड हँड चालतं.

स्वतः काय करता येईल? ऑइल बदलणं, पॅड, फिल्टर, स्पार्क प्लग, आणि त्या ब्रँडचा कोड वाचणारा स्कॅनर घेणं, तो पहिल्या वर्षातच वसूल होतो कारण मेकॅनिककडे जाताना काय झालंय याचा अंदाज घेऊन जाता येतं. व्हॅनॉस किंवा रॉड बेअरिंगला पहिल्या वर्षी हात लावू नका.

चालवायची पद्धत पण खर्चच आहे

ई४६ एम३ च्या आरपीएम मीटरवर नारिंगी दिवे असतात, ऑइल गरम होत जातं तसे ते एकेक विझतात आणि तेवढी लाल रेषा वर सरकते. ज्या गाडीला हे दिवे नाहीत तिथे ते मनात लावा. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइलला बराच जास्त वेळ लागतो, तोपर्यंत ३ हजारांच्या आसपास शांतपणे. बीएमडब्ल्यूने त्या एम इंजिनांना १० डब्ल्यू-६० ऑइल सांगितलं, आणि इतकं दाट ऑइल थंडीत बेअरिंगपर्यंत हळू पोचतं, थंड इंजिन खेचलं की झीज तिथे होते.

पण नुसती उभी ठेवणं त्याहून वाईट. सील सुकतात, ब्रेक कॅलिपर अडकतात, टायरला सपाट डाग पडतात, बॅटरी मरते. दोन आठवड्यांनी एकदा तरी अर्धा-पाऊण तास पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं नको, त्याने ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल जमतं. आरएक्स-८ तर अशी थंड असतानाच हलवून बंद केली की पेट्रोलने तुंबते आणि मग सुरूच होत नाही. लांब उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा.

आणि दर ऑइल बदलाला थोडं जुनं ऑइल लॅबला पाठवा. तांबं आणि शिसं वाढत चाललं तर बेअरिंग झिजतायत, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ जातेय. एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, सलग तीन-चारचा कल बघायचा. हे मी सुरू केल्यापासून मोठ्या कामाची तारीख मीच ठरवतो, रस्त्यात कुठेतरी गाडी ठरवत नाही.

पहिली गाडी कुठली घेऊ असं विचाराल तर माझं उत्तर, बेअरिंग आणि क्लच बिलासकट झालेली ९८६ बॉक्स्टर, मॅन्युअल, साधं २.५ किंवा २.७ इंजिन. तिचा बोनेटपासून दारांपर्यंतचा पुढचा भाग ९९६ शी जुळतो त्यामुळे बॉडीचे आणि आतले पार्ट अजून भरपूर मिळतात. बघायला जाताना टॉर्च न्या, मागच्या बूटमध्ये कूलंटची टाकी आहे तिचा रंग बघा, नव्या टाकीचं प्लास्टिक पांढरट असतं, जुनं पिवळं-तपकिरी होतं, आणि तिच्या खालचा कार्पेट उचलून ओल आहे का ते हाताने चाचपून घ्या.